विश्लेषण : रक्तदाबाच्या गोळीतून उलगडले नैराश्याचे कोडे... डॉ. रुस्तम वकील यांचे काम आज का आठवायचे?

नैराश्यावरची गोळी सुरू होते, आठ-दहा दिवसांत फरक दिसत नाही आणि ती बंद होते. किंवा फरक दिसतो, माणूस कामाला लागतो आणि आता गरज काय म्हणून बंद होते. दोन्ही वाटा धोक्याच्या. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य सरकारने २०१५मध्ये बळीराजा चेतना अभियान ज्या दोन जिल्ह्यांत सुरू केले, त्यात यवतमाळबरोबर तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव होते. त्यामुळे ही गोळी मेंदूत काय करते, उशिरा का लागू पडते आणि तिचा डोस कमी-जास्त का करावा लागतो, हे प्रश्न इथे पुस्तकी नाहीत. त्यांच्या उत्तराचा एक धागा मुंबईतल्या एका हृदयरोगतज्ज्ञाच्या कामापर्यंत जातो. त्यांनी नैराश्यावर एकही औषध शोधले नाही. तरीही नैराश्याच्या औषधांचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही.

कोण होते डॉ. वकील?

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले. तिथेच राहून नाव कमावता आले असते, पण ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडले गेले. हे रुग्णालय १९२६मध्ये सुरू झालेले, म्हणजे तेव्हा तसे तरुणच. भारतात आधुनिक हृदयरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या पहिल्या फळीत वकील यांचे नाव घेतले जाते. डॉ. अ‍ॅस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले रोगनिदानाचे पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. रुग्णाला कसे तपासायचे, नाडी कशी बघायची, छातीला नळी लावून काय ऐकायचे, हे सांगणारे ते पुस्तक. यंत्रांआधीचा डॉक्टर कसा विचार करायचा हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी ते आजही चाळावे.

तेव्हा उच्च रक्तदाबावर उपाय काय होते?

जवळपास नव्हतेच. आज गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही रक्तदाबाची गोळी मिळते, त्यामुळे ती लाचारी कल्पनेत येत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब शेवटी ३००/१९०पर्यंत गेला आणि एप्रिल १९४५मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठी डॉक्टरांकडे विश्रांती, कमी मीठ आणि झोपेच्या औषधांपलीकडे फारसे काही नव्हते. काही ठिकाणी नुसता भात आणि फळे असा आहार देत, काही ठिकाणी पाठीच्या कण्यालगतच्या चेता कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत. थायोसायनेट नावाचे औषध होते, पण ते विषारी ठरण्याची भीती मोठी.

भारतात मात्र एक मुळी वापरात होती. सर्पगंधा. कोकण-सह्याद्रीच्या ओलसर जंगलांपासून बिहार-आसामपर्यंत मिळणारे हे लहानसे झुडूप. वैद्य ते साप-विंचवाच्या दंशापासून निद्रानाशापर्यंत अनेक तक्रारींवर देत. बिहारमध्ये तर ते भ्रमिष्टपणावरचे औषध म्हणूनच ओळखले जाई. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कोलकात्याहून लिहिले की, या मुळीने मनाचा क्षोभ शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली काही रसायने वेगळी केली. पुढे रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास पुढे नेला. १९३४मध्ये हिमालया कंपनीने सर्पिना नावाची गोळीही बाजारात आणली. म्हणजे भारतातल्या डॉक्टरांना माहिती होती, गोळी होती. जगाला ठाऊक नव्हते.

१९४९मध्ये वकील यांनी काय केले?

त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरच्या सर्पगंधेच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. सर्पगंधा त्यांनी शोधली असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे आणि सेन-बोस यांच्यावर अन्याय करणारे आहे. वकील यांचे मोठेपण वेगळ्या जागी आहे. मुळी गुणकारी आहे असे ऐकून-सांगून चालत आले होते. त्यांनी रुग्ण निवडले, रक्तदाब पुन:पुन्हा मोजला, आठवड्यांच्या हिशेबाने नोंदी ठेवल्या आणि जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ जे वाचतात तिथे, त्यांना पटेल अशा भाषेत मांडले. परंपरेचा आदर करण्याची ही अधिक कष्टाची रीत.

सर्पगंधेचा एक स्वभाव इथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती घेतली की लगेच रक्तदाब पडत नाही. परिणाम दिसायला एक ते तीन आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो काही आठवडे रेंगाळतो. औषध पोटात जाणे आणि शरीराने त्याप्रमाणे बदलणे, या दोन वेगळ्या घटना आहेत.

बोस्टनमधले डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वकील यांचा लेख वाचला आणि भारतातून औषध मागवले. त्यांच्या रुग्णांचा रक्तदाब उतरला, शिवाय ते शांतही झाले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसरपिन. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या डॉ. आर. ए. हकीम यांच्या मनोरुग्णांवरील उपचारांची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली आणि तिथल्या रॉकलंड मनोरुग्णालयातील डॉ. नेथन क्लाइन यांनी आपल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली. १९५४मध्ये त्यांचा अहवाल आला. वर्षानुवर्षे आरडाओरडा करणारे, बांधून ठेवावे लागणारे काही रुग्ण निवळले होते. क्लोरप्रोमाझिन हे फ्रान्समध्ये पुढे आलेले औषधही याच काळातले. मनोरुग्णालयाच्या भिंतीआडचे जग या दोन औषधांनी बदलायला घेतले.

१९५७चा अल्बर्ट लास्कर पुरस्कार याच कामासाठी दिला गेला. विजेत्यांत क्लाइन होते, कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट नोस होते, क्लोरप्रोमाझिनवर काम करणारे लाबोरी, डेनिकर आणि लेहमान होते आणि मुंबईचे रुस्तम वकील होते. अमेरिकेतला हा वैद्यकातला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या वर्षी पद्मभूषण, १९६५मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. हृदयाच्या डॉक्टरला मनाच्या आजारांवरच्या क्रांतीत मानाचे पान मिळावे, ही गंमत खरी.

मग नैराश्याचा संबंध कुठे आला?

गोष्ट इथे उलटते. रेसरपिन लाखो लोक घेऊ लागले, तेही बऱ्याचदा मोठ्या डोसमध्ये. १९५४-५५मध्ये डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले की, रक्तदाबाचे काही रुग्ण उदास होत आहेत. झोप उडते, भूक मरते, रडू येते, जगण्यात रस उरत नाही. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. औषध थांबवले की बहुतेक सावरत.

अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी १९५५मध्ये दाखवले की, रेसरपिनमुळे प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. नंतर नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन यांचेही तेच होते असे दिसले. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो या रसायनांच्या मार्फत. पेशी ती बारीक पिशव्यांत भरून ठेवते आणि गरजेप्रमाणे सोडते. रेसरपिन पिशव्या भरूच देत नाही. उघड्यावर पडलेले रसायन मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर मोडून टाकते. पाऊस यायच्या आत सोयाबीन पोत्यांत भरू दिले नाही तर जे होईल, तेच.

यावरून शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. रसायने आटल्याने माणूस खचत असेल, तर ती वाढवली की सावरेल का? उत्तरासाठी एक औषध जवळच होते. इप्रोनियाझिड हे क्षयावर वापरून पाहिलेले औषध. ते घेणारे क्षयरोगी कमालीचे उत्साही होत असत. हे औषध वरच्या विकरालाच रोखते असे कळले होते. क्लाइन यांनीच १९५७मध्ये ते नैराश्यासाठी वापरले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. एका दशकात माणसाच्या उदासीवर दोन प्रकारची औषधे आली आणि १९६५मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी या रसायनांच्या कमतरतेचा सिद्धांत मांडला. त्याच्या पुराव्यातला एक मोठा खांब होता रेसरपिन.

हा खांब पुढे हलला, हेही सांगायला हवे. रेसरपिन घेणाऱ्या बहुसंख्यांना नैराश्य आलेच नाही. ज्यांना आले, त्यातल्या अनेकांना ते आधीही येऊन गेले होते. लंडनमध्ये १९५५मध्ये झालेल्या एका चाचणीत तर चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपिनने बरेच वाटले. म्हणून मेंदूत सेरोटोनिन कमी झाले म्हणजे नैराश्य, हे समीकरण आज जाणकार मानत नाहीत. गोळ्या अनेकांना उपयोगी पडतात हे चाचण्यांतून दिसते. त्या नेमक्या कोणत्या वाटेने उपयोगी पडतात, हे कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही. रसायनाची पातळी काही तासांत वाढते आणि मन सावरायला आठवडे लागतात, यातच त्या समीकरणाची मर्यादा दिसते.

नैराश्यावरच्या गोळ्यांचे प्रकार कोणते?

सर्वांत जुना प्रकार वरच्या इप्रोनियाझिडच्या कुळातला, विकर रोखणारा. इप्रोनियाझिड यकृताला घातक ठरून मागे पडले. या कुळातल्या औषधांवर असताना जुने चीज किंवा आंबवलेले काही पदार्थ खाल्ले तर रक्तदाब एकदम भडकतो. भारतात ही औषधे आता क्वचितच लिहिली जातात.

दुसरे कूळ ट्रायसायक्लिक. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन ही त्यातली नावे. पेशीने सोडलेले रसायन पेशीच पुन्हा शोषून घेते. ते शोषण ही औषधे अडवतात, म्हणून रसायन जास्त वेळ कामी येते. गुणकारी आणि स्वस्त. अमिट्रिप्टिलिन तर अंगदुखी, डोकेदुखी, नसांच्या दुखण्यावरही लहान डोसमध्ये देतात, त्यामुळे पाठीच्या दुखण्यासाठी गेलेल्या माणसाच्या हातीही ती चिठ्ठी पडते. मात्र तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे, उठताना चक्कर, हे त्रास होतात. घाम कमी येतो, म्हणून चाळिशीपार गेलेल्या उन्हात दिवसभर राबणाऱ्यांनी जपायला हवे. डोस जास्त झाल्यास हृदयावर गंभीर परिणाम होतो. त्यामुळे रुग्ण फार खचलेला असेल तर डॉक्टर थोड्याच दिवसांच्या गोळ्या देतात आणि त्या घरच्या जबाबदार माणसाने आपल्याकडे ठेवाव्या लागतात.

तिसरे कूळ आज सर्वाधिक चालणारे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन. ही प्रामुख्याने सेरोटोनिनचेच शोषण अडवतात. त्रास तुलनेने कमी. पण सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता, झोपेत बदल आणि पुढे लैंगिक इच्छा मंदावणे हे होऊ शकते. शेवटच्या तक्रारीबद्दल रुग्ण लाजेने बोलत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात. डॉक्टरांना सांगितले तर डोस किंवा औषध बदलता येते. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन दोन्हींवर काम करतात. यातल्या व्हेन्लाफॅक्सिनने मोठ्या डोसमध्ये रक्तदाब वाढू शकतो. मिर्टाझापिनने झोप आणि भूक वाढते. ज्याची दोन्ही गेली आहेत, त्याला तेच हवे असते. ब्युप्रोपिऑनची वाट डोपामिनकडून जाते, पण फिट्स येणाऱ्यांना ते देत नाहीत.

डोस का आणि कसा बदलतात?

बहुतेक गोळ्या कमी डोसवर सुरू करून वाढवत नेतात, कारण त्रास आधी येतो आणि गुण नंतर. झोप, भूक थोडी सुधारते, मग मन. दोन ते चार आठवड्यांत चाहूल लागते. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय हे औषध लागू पडले नाही, असा निकाल देऊ नये. पहिल्या गोळीने सगळेच बरे होत नाहीत. अमेरिकेत हजारो रुग्णांवर झालेल्या आणि २००६मध्ये निष्कर्ष आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिसरा हिस्सा रुग्ण पूर्ण सावरले होते. उरलेल्यांसाठी डोस वाढवणे, औषध बदलणे, दुसरे जोडणे, समुपदेशन हे मार्ग राहतात. औषध बदलले म्हणजे डॉक्टर चुकला असे नाही.

पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णांत, अस्वस्थता वाढली किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. झोप न घेताही भलताच उत्साह, खर्चाचा सपाटा, अखंड बडबड सुरू झाली तरी तसेच. तो आजार नैराश्याचा नसून द्विध्रुवीय असू शकतो आणि मग उपचाराची दिशाच बदलते.

बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. आजार पुन:पुन्हा उलटला असेल तर त्याहून अधिक. थांबवताना हळूहळू उतरवतात. एकदम तोडले तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, झोप उडणे असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये तो जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून सावकाश जाते. हा त्रास म्हणजे व्यसन नव्हे.

धाराशिवच्या रुग्णांनी विशेष काय जपावे?

भूम, परांडा किंवा उमरग्याचा रुग्ण अनेकदा मोठ्या डॉक्टरसाठी सोलापूर किंवा लातूर गाठतो. रक्तदाबाची गोळी एका ठिकाणची, मनाची दुसऱ्या ठिकाणची, गुडघ्याची तिसऱ्या. अडचण इथे होते, कारण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कोणी पाहत नाही. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत ट्रामाडॉल हे वेदनाशामक घेतले तर अंगाला थरथर, ताप, गोंधळ अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. साध्या वेदनाशामक गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. वयस्कर माणूस लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर रक्तातले सोडियम घसरू शकते; अचानक भ्रमिष्टासारखे वागू लागल्यास म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये.

लिथियम घेणाऱ्यांसाठी तर उन्हाळा ही परीक्षाच. पाणी कमी पडले, जुलाब लागले, मीठ एकदम तोडले, काही रक्तदाबाच्या किंवा वेदनाशामक गोळ्या जोडल्या, तर रक्तातले लिथियम विषारी पातळीला जाऊ शकते. हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे ही त्याची खूण. तुळजापूरच्या नवरात्रात कडक उपास धरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरसमोर ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात सल्ला आणि औषधे मिळतात. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीचा राज्याचा प्रेरणा प्रकल्पही आरोग्य विभागाचाच. त्याची मदतवाहिनी १०४. केंद्राच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६, दिवस-रात्र आणि मोफत. मराठीतही बोलता येते.

रेसरपिन आणि वकील यांचे पुढे काय झाले?

रक्तदाबावर अधिक सुसह्य गोळ्या आल्या आणि रेसरपिन मागे पडले. नैराश्याचा ठपका त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला, थोडा अधिकच. रानातली सर्पगंधा मात्र मागणीपायी इतकी ओरबाडली गेली की, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले.

वकील मुंबईतच राहिले. रुग्ण पाहणे, शिकवणे आणि लिहिणे चालू राहिले. २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केवळ सेरोटोनिनचे शोषण अडवणाऱ्या एका नव्या रसायनाचा निबंध प्रसिद्ध केला. तेरा वर्षांनी, १९८७च्या अखेरीस, त्याला अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली. ते फ्लुओक्सेटिन.